बस ‘बंदळु’ आणि माझे ९६.३२ टक्के

दहावीला मला ६२५ पैकी ६०२ मार्क पडले. टक्के ९६.३२. पॉइंटासकट सांगायची सवय मला त्याच आठवड्यात लागली, कारण येणारा जाणारा प्रत्येकजण विचारायचा आणि ९६ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, पॉइंट किती? २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. येळ्ळूरात, म्हणजे कर्नाटकात बेळगावजवळच्या आमच्या गावात, गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला, त्यात माझा पासपोर्ट फोटो एवढा ताणलेला की मी मलाच मावशीसारखी दिसत होते, आणि खाली ‘गल्लीची शान’. तो फ्लेक्स पुढं पावसाळ्यात कुणीतरी गोठ्यावर घातला, ते वेगळं.

मी मराठी मिडियमची. म्हणजे मराठी पहिली भाषा १२५ मार्काची, इंग्लिश दुसरी, कन्नड तिसरी, आणि मग गणित विज्ञान समाज. कन्नडला मला १०० पैकी ९८. आता गंमत बघा, कन्नडला ९८ घेतलेल्या मला बसमध्ये कंडक्टरनं ‘एल्लिगे’, म्हणजे कुठं, विचारलं की नुसतं ‘येळ्ळूर’ म्हणून गप्प बसता यायचं, त्यानं पुढं अजून एक वाक्य टाकलं की संपलं. निबंध पाठ होते, पत्र पाठ होतं, कवितेच्या ओळी पाठ, प्रश्नोत्तरं कुठल्या शब्दावर सुरू होतात ते बघून पुढचं आपोआप हातातून यायचं. अर्थाशी घेणंदेणं नाही. आणि मला वाईट कशाचं वाटलं तर दोन मार्क कुठं गेले याचं. भाषा येत नाही याचं अजिबात वाटलं नाही, ते डोक्यातच आलं नाही.

मी ‘हुशार’ होते ना. हे एकदा ठरलं की मग ते सांभाळावं लागतं, दागिना सांभाळतात तसं. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर आई म्हणायची तिला काय सांगावं लागत नाही अभ्यास कर म्हणून. आणि मला तेच आवडायचं, की बघा सांगावं लागत नाही. त्यामुळे काही अडलं तर विचारायचं कसं, विचारलं म्हणजे सांगावं लागलं की.

वह्यांचं सांगते म्हणजे कळेल. एखादं अक्षर खोडलं गेलं की मला ते पान बघवायचं नाही, मी पान फाडायची. आता पिन मारलेल्या वहीचं पान फाडलं तर त्याचा जोडीदार पलीकडच्या अर्ध्या भागातून सुटतो, आठवड्यानं तो लोंबायला लागतो, मग तोही फाडायचा आणि त्याच्यावरचं पुन्हा लिहायचं, ते लिहिताना परत एखादी चूक. दोनशे पानी वही दीडशेवर यायची. आईला वाटायचं पोरगी लई लिहिते. बाबा एकदा म्हणाले, “काय गं, वही खाऊलालीस काय?” मी हसले नाही. मला खरोखर वाटत होतं की स्वच्छ वही म्हणजे अभ्यास.

मग पीयूसी, म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी. बेळगावात सायन्सला ॲडमिशन, आणि पहिल्या दिवसापासून सगळं इंग्लिशमध्ये. हे आमच्या भागातल्या मराठी मिडियमच्या पोरांना नवं नाही, वर्षानुवर्षं असंच चाललंय, कन्नड मिडियमच्या पोरांचंही तेच होतं. मला संवेग माहीत होता, मोमेंटम माहीत नव्हता. त्वरण माहीत होतं, ॲक्सिलरेशन ऐकताना पुढची दोन वाक्यं निघून जायची. सर प्रोजेक्टाइलचं गणित घालून ‘एनी डाउट्स’ म्हणायचे आणि मी मान खाली घालून हेडिंगला लाल पेननं रेघ मारत बसायची. पुढच्या बाकावरची एक मुलगी रोज काहीतरी विचारायची, कधी कधी अगदी बाळबोध, आणि मी मनात म्हणायची, हिला एवढं पण येत नाही. मला ते येत होतं का? नव्हतं. खरं हिला येत नाही हे सगळ्यांना कळलं आणि माझं कुणाला कळलं नाही, यातच मी जिंकल्यासारखी. (आमच्यात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, कोल्हापूरकर सोडून बाकीच्यांनी समजून घ्यावं.)

एकदा धीर करून एक प्रश्न विचारला होता, नाही असं नाही. वाक्य घरून तयार करून नेलं होतं, इंग्लिशमध्ये, चारदा लिहून. तरी बोलताना ‘व्हाय इट इज’ झालं का ‘व्हाय इज इट’ झालं देव जाणे, सर हसले, वाईट हेतूनं नसेल, मागची तीन पोरंही हसली. त्यानंतर वर्षभर मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

मिड-टर्मला फिजिक्समध्ये ७० पैकी १९.

पेपर हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की टोटल चुकली असणार. मी तिथंच बसून बेरीज केली. बरोबर होती. पेपर चार घड्या घालून कंपासपेटीत तळाला ठेवला, वर कर्कटक, वर पेन्सिली. संध्याकाळी आत्तीचा (आत्याचा) फोन आला, तिनं सहज विचारलं किती पडले गं, आणि माझ्या तोंडातून ४९ बाहेर आलं. ठरवून नाही, असंच. १९ चं ४९. आत्ती म्हणाली, बरं हाय की, पहिलीच वेळ. मला ते ४९ सुद्धा कमी वाटून घ्यायचं नाटक करावं लागलं.

आता ह्या सगळ्याच्या समांतर दुसरी एक गोष्ट चालू होती आणि तिच्याकडं माझं लक्षच नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बस फुकट. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. त्यामुळे येळ्ळूरच्या बसला जी गर्दी झाली ती विचारू नका. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर, संध्याकाळी अर्धा अर्धा तास उभं राहायचं, आणि उभं राहिलं की बोलणं होतं. आमच्या कॉलेजची गोकाककडची एक मुलगी तिथंच उभी असायची, ती मामाकडं वडगावात राहायची. तिला मराठी तुटकं यायचं, मला कन्नड पाठांतराचं. पहिल्यांदा आम्ही दोघी हिंदीत बोलायचो, आणि दोघींचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं कान धरावेत.

एक दिवस लांबून बस दिसली आणि मी जोशात ओरडले, “बस बंदळु!”

ती हसायला लागली ती बॅग खाली ठेवून. शेजारचा एक म्हातारा हसला. एक कंडक्टर बिडी बाजूला धरून हसला. मला कळेना काय झालं. झालं असं की ‘बंदळु’ म्हणजे ‘ती आली’, खरं ते फक्त बाईमाणसाला. कन्नडमध्ये पुरुष तो, बाई ती, आणि बाकी सगळं ते. बस काय, चहा काय, पाऊस काय, सगळं ‘बंतु’, गोकाककडं तोंडात ‘बंत’. आम्ही मराठी लोक दगडधोंड्यालाही लिंग चिकटवतो, बस आली, ट्रक आला, म्हणून मी बसला बाई करून टाकलं होतं. जसं काही साडी नेसून, पदर खोचून एसटी येऊलालीय.

आणि मी पण हसले. हेच मला नंतर किती दिवस कळत नव्हतं, की मी हसले कशी. त्याच आठवड्यात वर्गात तीन पोरं हसली म्हणून मी घरी येऊन जेवले नव्हते. इथं अख्खा स्टँड हसला आणि मी दुसऱ्या दिवशी परत कन्नड बोलायला गेले.

तिचं उलट चालायचं. ती म्हणायची ‘बस आलं’, ‘चहा थंड झालं’, ‘माझं चप्पल तुटलं’, सगळं नपुंसकलिंग. तिनं मला विचारलं, चप्पल ‘ती’ हे कसं काय लक्षात ठेवायचं? मी म्हटलं, हे मला पण माहीत नाही गं, आम्ही जन्मापासून म्हणतोय. मग आमचा खेळच झाला, बस येईपर्यंत समोर दिसेल त्या वस्तूचं मी मराठीत लिंग सांगायचं आणि तिनं एक वाक्य करायचं, आणि मला ती कन्नड वाक्य देणार. भिंत ती, खांब तो, छप्पर ते. का, विचारू नको. भाषेवरून आमच्या भागात काय काय होतं ते मी इथं काढत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. स्टँडवर बस चुकलेल्या दोन पोरींमध्ये त्यातलं काहीच नव्हतं एवढंच.

डिसेंबरपर्यंत मला कन्नड बोलता यायला लागलं. चुकतमाकत, खरं पोट भरेल एवढं. भाजीवालीशी घासाघीस, कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरून नाही पण जागेवरून भांडण, तिच्या मामीशी ‘ऊटा आत?’ (जेवण झालं?) पासून सुरू करून वीस मिनिटं गप्पा. सहा महिन्यांत. आठ वर्षं शाळेत ९८ मार्कांपर्यंत नेऊन जे आलं नव्हतं ते सीबीटीवर बस उशिरा येते म्हणून आलं. आणि त्याच सहा महिन्यांत, त्याच डोक्याला, फिजिक्स येत नव्हतं.

कन्नडमध्ये मी हुशार असेन अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. माझी पण नव्हती. चुकायला तिथं काही पणाला लावलेलंच नव्हतं.

हे असं स्वच्छ मला तेव्हा सुचलं असं समजू नका. तेव्हा फक्त एवढं झालं की कंपासपेटीतला पेपर बाबांना सापडला. त्यांना पेन्सिल हवी होती.

बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. बेळगावची उद्यमबाग म्हणजे फाउंड्र्या, मशीन शॉप, पॅटर्नवाले, आमच्या बाजूच्या घरांपैकी निम्म्यातला एकजण तरी तिथं. घरी आल्यावर त्यांच्या कानात, नखात, बनियनच्या शिवणीत काळी वाळू असते. पेपर उलगडून त्यांनी बराच वेळ बघितला. इंग्लिश त्यांना वाचता येतं थोडं, फिजिक्स नाही. मला वाटलं आता ओरडणार किंवा, त्याहून वाईट, काहीच बोलणार नाहीत. त्यांनी विचारलं, “हे ५१ कशानं गेले?”

मी म्हटलं, मला जमत नाही बाबा.

“ते नव्हे. कशानं गेले?”

मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडं कास्टिंग रिजेक्ट झालं की त्याच्यावर खडूनं कारण लिहितात. नुसतं खराब म्हणून बाजूला टाकत नाहीत. वाळूचा साचा कुठंतरी ढासळून त्याचे कण धातूत गेले तर सँड ड्रॉप. ओतताना लोखंड थंड पडलं आणि दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकमेकांत मिसळलेच नाहीत, मध्ये शिवण राहिली, तर कोल्ड शट. साचा पूर्ण भरायच्या आधीच धातू गोठला तर मिसरन. आणि आत गॅस अडकून पोकळी राहिली तर ब्लो होल, हे सगळ्यात हरामखोर, कारण वरून जॉब चकचकीत दिसतो, मशीनवर चढवून कातला की आतलं भोक उघडं पडतं. हे सगळं रजिस्टरला चढतं. कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. ब्लो होल असेल तर वाळूत पाणी जास्त झालंय का, हवा जायला वाट आहे का बघायचं, तिथं तुम्ही लोखंड अजून तापवत बसलात तर काय उपयोग नाही. आणि रिजेक्ट झालेला माल फेकत नाहीत, तोडून परत भट्टीत घालतात.

“तुमच्याकडं रिजेक्शन शून्य असतंय कधी?” मी विचारलं.

“असतंय की. ज्या दिवशी कारखाना बंद असतोय.”

एवढं बोलून ते पेन्सिल घेऊन गेले. मला धीर देणं, डोक्यावरून हात फिरवणं असलं काही झालं नाही. आई मात्र रात्री दोनदा विचारून गेली, शिकवणी लावायची का.

मी रजिस्टर केलं. आणि आता कबूल करते, पहिलं रजिस्टर मी चार रंगांत आखलं. तारीख, धडा, प्रश्न, कारण, पट्टीनं रेघा, वर हेडिंगला शेडिंग. दोन तास गेले त्यात. तिसऱ्या ओळीला चूक झाली आणि माझा हात पान फाडायला गेला. फाडलंच मी ते. मग बाबांच्या कामावरची एक जुनी डायरी होती, कडेला तेलाचे डाग लागलेली, तिच्यात सुरू केलं. तिच्यात छान लिहायचा मोहच होत नव्हता.

५१ मार्कांचा हिशोब बाबांच्याच शब्दांत लावला. वाळू, म्हणजे प्रश्न नीट न वाचता सुटले, युनिट विसरले, उणे चिन्ह खाल्लं, ९ मार्क. मिसरन, वेळ संपला, शेवटचे प्रश्न कोरे, १२. वेळ का संपला तर पहिलं उत्तर मी आखीवरेखीव आकृतीसकट पंचवीस मिनिटं लिहीत होते. कोल्ड शट ११, म्हणजे व्हेक्टर पण येतो, गती पण येते, दोन्ही एका गणितात आले की मध्ये शिवण. आणि ब्लो होल १९. सूत्र पाठ, व्याख्या पाठ, वरून चकचकीत, जरा कातलं की आत हवा. हे १९ बघून मी बराच वेळ बसले होते. माझं कन्नडचं ९८ पण मला आठवलं तेव्हा. ते पण अख्खं ब्लो होलच की.

गंमत म्हणजे मला वाटत होतं मी ढ आहे म्हणून ५१ गेले. हिशोब लावल्यावर ढ असा रकानाच कुठं निघाला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. वर्षाच्या शेवटी फिजिक्सला पास झाले, बरे मार्क पडले, बास. ब्लो होलला औषध म्हणजे पुस्तक मिटून स्वतःला समजावून सांगायचं, आणि मी ते कुणाला समजावून सांगायची तर त्या गोकाकवालीला, स्टँडवर, तीन भाषांच्या खिचडीत. ड्रायव्हरनं बस वळवली की आतली माणसं बाहेरच्या बाजूला का कलंडतात हे मी तिला अर्धं कन्नडमध्ये सांगितलंय. बरोबर सांगितलं का चूक ते तीच मला नंतर वर्गातून विचारून येऊन सांगायची, कारण विचारायचं काम तिचं होतं, मी अजून वर्गात तोंड उघडत नव्हते.

दुसऱ्या वर्षाला सीईटीची तयारी. आमच्या कर्नाटकच्या सीईटीला एका विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. हे परत वाचा, कापत नाहीत. पहिल्या सरावाच्या पेपरला मी १७ प्रश्न कोरे सोडून आले. मॅडमनी विचारलं का गं सोडलंस, मी म्हटलं शंभर टक्के खात्री नव्हती. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. डोळे झाकून गोल काळा केला असता तरी चारात एक लागला असता. ते १७ कोरे गोल बघून मला पहिल्यांदा जाणवलं की हा नीटनेटकेपणा नाही, ही भीती आहे, आणि ती माझे मार्क खाऊलालीय. डायरीत त्याला रकाना नव्हता. ‘ओतलंच नाही’ असा नवीन घातला.

आता इंजिनिअरिंगला आहे, बेळगावातच, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एका कॉलेजात. सुरुवातीच्या इंडक्शनमध्ये बाहेरून एक वक्ते आले होते, ग्रोथ माइंडसेटवर. पडद्यावर दोन मेंदू, एक राखाडी, एक हिरवा. राखाडी म्हणजे ज्याला वाटतं बुद्धी जन्मताना मिळाली तेवढीच, हिरवा म्हणजे ज्याला वाटतं ती वाढवता येते. ‘येत नाही’च्या पुढं ‘अजून’ लावा म्हणाले. मी ते सगळं उतरवून घेतलं, दोन्ही मेंदू काढले, हिरवा रंग नव्हता म्हणून शेजारणीकडून स्केचपेन मागितलं. आणि घरी जाऊन मला वाईट वाटलं की आपला माइंडसेट तर राखाडी आहे. आपल्याला हे पण जमत नाही. म्हणजे ग्रोथ माइंडसेटसुद्धा मला पहिल्या फटक्यात, शंभर टक्के, न खोडता पाहिजे होता. हे लक्षात आल्यावर मी एकटीच खोलीत हसले.

मग जरा स्वतः वाचलं. ही कल्पना स्टॅनफर्डच्या कॅरोल ड्वेक यांची. त्यांनी आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ साली एक अभ्यास छापला होता, पाचवीच्या मुलांवरचा. मुलांना कोडी घातली, सुटल्यावर काहींना म्हणाले तू हुशार आहेस, काहींना म्हणाले तू मेहनत घेतलीस. फरक एका वाक्याचा. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळी पोरं आपटली. त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी. हुशार म्हटलेली पोरं त्या सोप्यातही आधीपेक्षा मागं गेली, मेहनतवाली पुढं गेली. इथपर्यंत ठीक, हे वक्त्यांनी पण सांगितलं होतं. त्यांनी न सांगितलेलं असं की मुलांना मग दुसऱ्या अनोळखी मुलांसाठी आपले मार्क लिहायला सांगितले, आणि हुशार म्हटलेल्यांतल्या पाचातल्या जवळपास दोघांनी मार्क वाढवून लिहिले. ज्यांना ते कधी भेटणार पण नव्हते अशा पोरांना.

१९ चं ४९. मी मोबाईल उलटा ठेवून दिला.

तरी वक्ते बोलले तेवढा जादूटोणा त्यात नाही हे पण सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या १२,००० च्या आसपास मुलांवर मोठा प्रयोग छापून आला. एक तासापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन धडा, मेंदू वाढतो वगैरे. कमी मार्कवाल्या मुलांचा ग्रेड सरासरी ०.१ नं वाढला, चारच्या मापावर. वाढला हे खरं, खरं एवढाच. आणि जिथं आजूबाजूच्या पोरांमध्ये अवघडात हात घालायची पद्धत होती तिथं जास्त वाढला. हे वाचून मला सीबीटीच आठवली. मी एकटी खोलीत बसून हिरवा मेंदू कितीही रंगवला असता तरी ‘बंदळु’ म्हणून ओरडायला कुणीतरी हसणारं आणि परत बोलणारं पाहिजेच होतं की नाही? पहिल्या बाकावरची ती रोज विचारणारी मुलगी पण आठवली. तिच्या शेजारी बसले असते तर, असं वाटून गेलं.

परफेक्शनिझमवर वाचताना ह्युइट आणि फ्लेट या दोघांचं मांडणं सापडलं, १९९१ चं. ते म्हणतात हे तीन प्रकारचं असतं. एक आपण स्वतःकडून अपेक्षा करतो ते, दुसरं आपण इतरांकडून करतो ते, आणि तिसरं, लोक आपल्याकडून करतात असं आपल्याला वाटतं ते. मी स्वतःला पहिल्यातली समजत होते, ते जरा रुबाबदार वाटतं ना, माझे स्टँडर्डच हाय आहेत. हिशोब लावला तर मी जवळजवळ सगळी तिसऱ्यातली निघाले. फ्लेक्सवाली. आणि फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी कुणाला माझे पीयूसीचे मार्क माहीत पण नाहीत, त्यांनी कधी विचारलेच नाहीत.

सुटले का मी यातून? छे. मागच्याच महिन्यात लॅबचं रेकॉर्ड एका आलेखासाठी पूर्ण परत लिहिलं, रात्री दोनपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी व्हायव्हाला झोप येऊन साधा प्रश्न चुकला. सी प्रोग्रामिंगनं मात्र बरं केलंय माझं. तिथं पहिल्यांदा रन केलेला प्रोग्राम चाललाय असं कुणाचंच होत नाही, शिकवणाऱ्या मॅडमचं पण नाही. सेमीकोलन राहिला तर कम्प्युटर ओळ नंबर सांगतो, हसत नाही, हुशार कोण हे त्याला माहीत नाही. एकदा ३१ एरर आल्या, वरची एक दुरुस्त केली तर २८ गेल्या. मी डायरी काढून लिहिलं, वाळू.

वर्गात विचारते आता. आठवड्यातून एकदा, ठरवून, वाक्य आधी न लिहिता. अजून घाम फुटतो, कान गरम होतात. परवा ‘व्हाय इट इज’ म्हणाले, म्हणतानाच कळलं चुकलं, तरी पुढं रेटलं. सर उत्तर सांगायला लागले. ग्रामरचं कुणाला पडलेलं दिसलं नाही.

आत्तीला ४९ चं अजून सांगितलेलं नाही. गणपतीला येणार आहे ती, तेव्हा बघू.

काल संध्याकाळी सीबीटीवर पाऊस होता, बस चाळीस मिनिटं नाही. शेजारी डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक आज्जी बसलेली, हातात मेथीचा गठ्ठा, बोलण्यावरून चालीवरून मला कन्नडच वाटली. लांबून पाटी दिसली तशी मी वाकून, नीट आठवून, लिंग वचन सगळं जुळवून सांगितलं, “अज्जी, बस बंत.”

आज्जीनं मान वर केली. “आली व्हय गं? बरं झालं बाई,” म्हणाली, “हा गठ्ठा धर जरा.”